माझ्या जागी लिंबू

ऑस्ट्रेलियात मी ताटं बघायला गेलो नव्हतो, मुलीकडची माणसं बघायला गेलो होतो. तसं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. लग्न ठरलं होतं, हॉल ठरला होता आणि मुलगा-मुलगी दोन वर्षं एकाच घरात राहत होते. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पंधरा दिवस पुढं जा. आपल्याकडचं कुणीतरी आधी जाऊन बसलेलं बरं दिसतं." जाऊन बसणं हे काम मला जमण्यासारखं होतं, म्हणून मी सांगलीहून निघालो.

मुलगा म्हणजे माझा पुतण्या अमेय. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अमेय पहिलीत असताना गेला. तेव्हापासून वहिनी, अमेय आणि मी अशी तिघं एका घरात. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे लग्नातलं मला काही कळत नाही असं वहिनींचं मत आहे, आणि ते बरोबर आहे. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. अमेय माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेला, पुढे स्कूटरवर मागे बसून क्लासला गेला आणि मग एक दिवस मेलबर्नला क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत गेला, तेव्हा मागे बसायला मला जागा नव्हती. आता तो टूवूंबा नावाच्या गावात मोठ्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. तिथेच लूसिया फिजिओथेरपिस्ट आहे. तिची माणसं मूळची सिसिलीची, म्हणजे इटलीच्या पायाशी असलेल्या बेटावरची, आणि पिढ्यान्‌पिढ्या मातीची ताटं रंगवणारी.

ब्रिस्बेनच्या विमानतळावर माझ्या अक्षता गेल्या. वहिनींनी कुंकू लावून, वाळवून, दोन पिशव्यांत बांधून दिल्या होत्या. तिथल्या बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, तांदूळ, लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकायचे. त्यांनी विचारलं, शिजवून? मी म्हणालो, कच्चे. त्यांनी थोडा विचार केला, दोन्ही पिशव्या एका डब्यात टाकल्या आणि माझं अभिनंदन केलं.

टूवूंबा

हे गाव डोंगराच्या कडेवर आहे. ब्रिस्बेनहून गाडी बराच वेळ सपाटीवरून जाते आणि मग एकदम घाट लागतो. वर पोचलं की हवा बदलते, स्वेटर घालावा लागतो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांनी लगडलेली झाडं उभी असतात. माणसं दिसत नाहीत. ती सगळी गाड्यांत असतात. इथे बसही आहे असं अमेय म्हणाला, पण त्याने स्वतः ती पाहिलेली नाही.

"काका, उद्या आर्व्होला लूसियाच्या आईबाबांकडे जायचंय लंचला," अमेय म्हणाला.

"आर्व्हो म्हणजे कोण?"

"कोण नाही हो. आफ्टरनून."

या देशात लोकांना शब्द पूर्ण करायला वेळ नसतो, बाकी सगळ्याला भरपूर असतो.

लूसियाच्या आईवडिलांचं घर गावाबाहेर, लाल मातीच्या शेतांमध्ये आहे. समोर बैठं घर, मागे पत्र्याची लांबलचक शेड, आणि शेडच्या दारावर रंगीत फरश्यांचा सूर्य. दारात सगळे उभे होते. लूसियाचे वडील सॅल, आई रोझा आणि आजी. आजीला ते नोना म्हणतात. तिचं खरं नाव काही वेगळं होतं, पण त्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही, म्हणून ती सगळ्या जगाची नोना. काळे कपडे, माझ्या खांद्याएवढी उंची, आणि बोटांच्या पेरांत निळा रंग मुरलेला.

अमेयने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अभिमानाने म्हणाला, "नोना, धिस इज माय काका."

सॅल आपल्या बुटांकडे बघायला लागला. रोझा आत गेली. नोनाने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि मग अमेयकडे असं बघितलं की जणू त्याने पाहुण्याच्या तोंडात मारली होती.

"ओह नो," लूसिया म्हणाली. "मी फोनवर इतकी वर्षं ऐकतेय की मला त्याची सवयच झाली. यांना सांगायचंच राहिलं."

अमेयने मला बाजूला घेतलं. "काका, प्लीज डोन्ट टेक इट पर्सनली. इटालियनमध्ये काक्का म्हणजे, लहान मुलं करतात ना, ती."

"कोणती?"

"शी."

तर अशी माझी त्या घराशी ओळख झाली. हे आमच्या मुलाचे वडीलधारे, शी.

नोनाचं इंग्रजी मोडकं आणि माझंही मोडकं, त्यामुळे आमचं एकमेकांशी चांगलं जमलं. तिचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतो. जेवताना ती मला "तू" किंवा "सिन्योर" म्हणत होती, आणि अमेयने "काका, मीठ द्या" म्हटलं की प्रत्येक वेळी डोळे मिटत होती.

जेवण वांग्याच्या आंबटगोड भाजीपासून सुरू झालं, आणि ती भाजी थंड होती. थंड वांगं मी आजवर फक्त दुसऱ्या दिवशी खाल्लं आहे, पण हे मुद्दाम थंड केलेलं होतं आणि चांगलं होतं. प्रत्येक ताटाच्या तळाशी एक कोंबडा रंगवलेला होता. कोंबडा दिसायला लागला की ताट रिकामं झालं असं धरून नोना वाढायची. आमच्याकडे पाहुणा हात आडवा धरतो, नको नको म्हणतो, वाढणारा तरी वाढतो. इथे बोलायचीच सोय नाही, सगळं कोंबडा ठरवतो. तिसऱ्यांदा वाढून झाल्यावर मला युक्ती कळली. मी पावाचा एक तुकडा कोंबड्याच्या अंगावर पांघरला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

शेड

जेवणाच्या खोलीची एक अख्खी भिंत ताटांनी भरलेली होती. ही जेवायची ताटं नव्हेत, लग्नाची. या घरात लग्न ठरलं की एक ताट रंगवलं जातं. मधोमध नवरा-नवरीची नावं आणि काठावर ज्यांनी त्यांना वाढवलं त्यांची. नावं म्हणजे कागदोपत्री नावं नाहीत. मुलं ज्या नावाने हाक मारतात ते नाव. म्हणून त्या भिंतीवर जिकडेतिकडे मम्मा, पापा, नोना आणि कुठे कुठे एखादा "झिओ तुरी", म्हणजे तुरीकाका. काठावर नावांच्या मधे लिंबं, पानं, चोची भिडवलेले पक्षी.

लग्नाच्या दिवशी या ताटात साखरेत घोळवलेले बदाम ठेवतात. जिने ताट रंगवलं ती हॉलमध्ये उभी राहते आणि काठावरचं एकेक नाव मोठ्याने वाचते. ज्याचं नाव वाचलं त्याने पुढे यायचं, एक बदाम खायचा, आणि तेव्हापासून तो दोन्हीकडच्या घरचा. त्याआधी तो पाहुणा. मेलेल्या माणसाचं नाव ताटावर घालत नाहीत, कारण हाक मारली तर बदाम घ्यायला येणार कोण?

हे सगळं लूसियाने मला भिंतीसमोर उभं राहून सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. आमच्याकडे विहीण-व्याह्यांचा मान असतो, पण तो साडी आणि टॉवेल-टोपीत उरकतो. कुणी नाव घेऊन पुढे बोलावत नाही.

मग आम्ही शेडमध्ये गेलो. कामाची वाटणी ठरलेली आहे. सॅल चाकावर ताट घडवतो आणि भट्टी लावतो. भट्टी विजेची आहे, एका मोठ्या फ्रीजसारखी, फक्त उलट काम करणारी. एकदा भाजलेलं लाल ताट पांढऱ्या पातळ लेपात बुडवून काढतात. लेप वाळला की ताट चुना दिलेल्या भिंतीसारखं दिसतं, बोट लावलं तर पावडर हाताला येते. या कोरड्या पांढऱ्यावर नोना कुंचला टेकवते. टेकवला की रंग त्या क्षणी आत शोषला जातो. पुसता येत नाही, खोडता येत नाही, वरून दुसरा रंग देऊन झाकता येत नाही. मी आयुष्यभर लॅबमध्ये काम केलं, तिथे चुकलेलं सॅम्पल ओतून देता येतं. इथे चूक झाली तर अख्खं ताट गेलं.

नक्षी काढायची रीत मात्र मला लगेच ओळखू आली. कागदावर चित्र काढतात, रेघेवरून सुईने भोकं पाडतात, तो कागद ताटावर ठेवून कोळशाच्या पावडरीची पुरचुंडी वरून थापटतात. खाली ठिपके उठतात. हा आमचा रांगोळीचा छापा. फरक एवढाच की नोना चित्र अर्धंच काढते. पक्षी एकच, पान एकच. एक बाजू उठवली की कागद उलटा करायचा आणि दुसरी बाजू उठवायची. त्यामुळे तिच्या ताटावरचे पक्षी एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि दोघांत केसाचाही फरक नसतो. "दोनदा काढलं तर दोन पक्षी होतात," ती म्हणाली. "मला जोडी पाहिजे."

टेबलावर अमेय आणि लूसियाच्या ताटाचा कच्चा कागद होता. मध्ये दोघांची नावं. काठावर मम्मा, पापा, नोना आणि वहिनींसाठी रोमन लिपीत "आई". हे नाव नोनाने मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सॅलने घाबरून विचारलं, कुठे लागलं का. इटालियन माणूस ठेच लागली की असंच ओरडतो. वहिनींच्या स्वभावाचा विचार करता मी काही बोललो नाही.

पापाच्या बरोबर समोर एक जागा रिकामी होती.

"इथे काका," अमेय म्हणाला.

"नाही," नोना म्हणाली.

"नोना, मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाकच मारत नाही."

"ज्या ताटात खायचं त्या ताटावर तो शब्द नाही. आणि तो हॉलमध्ये मोठ्याने वाचायचा कुणी? मी. पहिल्या रांगेत फादर बसणार. याचं दुसरं नाव असेल ना? नियम मोडून ते घालते."

"दिगंबर," मी म्हणालो.

"छान. मोठं आहे, पण छान. अर्थ काय?"

इथे अमेयने गप्प बसायला हवं होतं. पण तो खोटं बोलायला कधी शिकला नाही, आणि ते शिक्षण माझ्याकडूनच राहिलं. "इट्स अ नेम ऑफ गॉड," तो म्हणाला. "ज्याने आकाशाचे कपडे घातलेत असा."

सॅलने थोडा विचार केला. "म्हणजे पॅंट नाही?"

"टेक्निकली, नाही."

नोनाने माझ्याकडे दयेने बघितलं. एक तर घाण, नाही तर नागडा. माझ्या आईवडिलांनी माझ्यासाठी एवढंच करून ठेवलं होतं.

मी म्हणालो, माझं राहू द्या, त्या जागी बाबा लिहा. ती जागा दादाचीच आहे. नोनाने विचारलं तो कुठे आहे, आणि मी सांगितल्यावर तिने छातीवर क्रूसाची खूण केली, माझ्या दंडावर हात ठेवला आणि मेलेल्याला हाक मारता येत नाही हे मला परत समजावून सांगितलं. तिचं बरोबर होतं. दादाला हाक मारून उपयोग नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मग मी तिथे लिंबू काढते," ती म्हणाली. "मोठं, पानासकट. जागा मोकळी दिसणार नाही."

"लिंबू चालेल," मी म्हणालो.

आम्ही परत निघालो. घाटाच्या वर एक जागा आहे, तिथून खालची सगळी दरी दिसते, लोक आइस्क्रीम खात उभे असतात. तिथे त्याने गाडी थांबवली.

"काका, मला तुमच्या जागी लिंबू नकोय."

"अरे, नक्षी आहे ती. कुणाला कळणार?"

"मला कळेल ना! मी दुसरीत होतो तेव्हा मी तुम्हाला एकदा बाबा म्हटलं होतं, आठवतं? शाळेच्या गेटवर. तुम्ही सायकल थांबवलीत आणि म्हणालात, मी बाबा नाही, मला काकाच म्हणायचं. म्हटलंय ना मी? आजपर्यंत म्हटलंय. मग आता तुम्ही नाव बदलू कसं देता?"

मला आठवत होतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की दादाची जागा कुणी घ्यायची नाही, आणि मी तर नाहीच नाही. त्या मुलाने ते ऐकलं. माझ्या वाट्याला जो शब्द आला तो मी जन्मभर वापरला, आणि मला तो बाबापेक्षा कमी कधी वाटला नाही. मला त्या ताटावर नाव हवं होतं. फार हवं होतं. लिंबू चालेल म्हणालो तेव्हाही हवं होतं, आणि या वयात असं काही हवंसं वाटतं याचाच मला राग आला होता.

"आइस्क्रीम खायचं का?" मी विचारलं.

"नको," अमेय म्हणाला. मग गाडीतून उतरला आणि दोन घेऊन आला.

ऊस

दोन दिवसांनी अमेय शिफ्टला जाताना मला नोनाकडे सोडून गेला. गाडीशिवाय इथला माणूस म्हणजे पार्सल असतं, जिथे ठेवाल तिथे राहतं. सॅल ब्रिस्बेनला गेला होता, रोझा बाजारात. नोना शेडमागे कोयता घेऊन उभी होती आणि तिच्यासमोर उसाचं एक बेट होतं.

मला काय झालं सांगतो. सतरा-अठरा तास विमानात बसून, थंड वांगं खाऊन, कोंबड्याला पाव पांघरून मी इथवर आलो होतो आणि आता पहिल्यांदाच ओळखीचं कुणी भेटलं. मी तिच्या हातातून कोयता घेतला, एक ऊस बुडख्याशी तोडला, शेंड्याचं वाढं छाटलं, दातांनी सोलला आणि कांडं चावून म्हणालो, "अजून महिनाभर थांबायला पाहिजे. साखरेचा उतारा कमी पडेल."

नोना आधी माझ्याकडे बघत राहिली, मग सांगायला लागली. तिचे वडील जहाजाने इथे आले ते ताटं रंगवायला नाही, उत्तरेकडे ऊस तोडायला. आधी फड पेटवायचे, मग तोडायचे. संध्याकाळी ते घरी यायचे ते डोळे सोडून सगळे काळे. रात्री दिव्याच्या उजेडात त्याच हाताने नोनाला कुंचला धरायला शिकवायचे, आणि कागदावर काजळीचे ठसे उमटायचे. पुढे इकडे जमीन मिळाली, भट्टी आली, पण हे बेट त्यांनी हट्टाने लावलं. मी तिला आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल सांगितलं, कारखान्याच्या दारात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल सांगितलं, मळीच्या वासाबद्दल सांगितलं. मळीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण तिला वासाच्या वर्णनावरूनच कळलं. दोघं पत्र्याला पाठ टेकून ऊस खात बसलो. तिचे दात माझ्यापेक्षा बरे आहेत.

"तुझ्या भाषेत तो शब्द कसा लिहितात?" तिने एकदम विचारलं.

मी उसाच्या कांड्याने लाल मातीत लिहिलं. आधी क, त्याला काना, परत क, परत काना, आणि वरून रेघ.

तिने मान तिरकी करून बराच वेळ बघितलं. "हे ते नाही," ती म्हणाली. "हे दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत."

"पण वाचलं तर तेच."

"खाताना कुणी वाचत नाही. हे ताटावर चालेल." तिने बोट फिरवून पुन्हा बघितलं. "दोन्ही सारखेच आहेत."

"हो, तेच अक्षर दोनदा," मी म्हणालो. तिने मान हलवली.

"आणि हॉलमध्ये वाचायला लागेल तेव्हा?" मी विचारलं.

तिने चोथा थुंकला. "ते माझं मी बघेन," ती म्हणाली, आणि कागद आणायला आत गेली.

त्यानंतर आठवडाभर मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. ज्याचं नाव असतं त्याने ताट आधी बघायचं नसतं. मग ताट भट्टीत जायच्या सकाळी सॅलने मला हळूच बोलावलं. "मेट, एकदा बघून घे. तुमचं लिखाण आम्हाला काय कळतंय."

ताट सुंदर होतं. भाजायच्या आधी रंग मळकट दिसतात, तरी सुंदर होतं. पक्षी, पानं, मम्मा, पापा, नोना, आई. आणि पापाच्या समोर, निळ्या रंगात, मी.

मी दोनदा बघितलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. डावीकडचं "का" अगदी बरोबर होतं, माझ्या अक्षरापेक्षा वळणदार. उजवीकडचं "का" उलटं होतं. आरशात दिसावं तसं. दोन काने मधे शेजारी शेजारी उभे आणि दोन क दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. मला लगेच कळलं काय झालं ते. तेच अक्षर दोनदा, असं मीच म्हणालो होतो. तिने एकच काढून घेतलं, उठवलं, कागद उलटा केला आणि दुसरं उठवलं. आयुष्यभर पक्षी काढले तसंच.

"सगळं ठीक?" सॅलने विचारलं.

"चुकलं असतं तर बदलता आलं असतं का?"

"अं हं. नवीन ताटच करावं लागलं असतं. लग्नाच्या आत ते भाजून होणार नाही. आणि तिचे हात बघितलेस ना? सकाळी तासभर स्थिर राहतात, मग थरथरतात. या एका ताटाला तिने पूर्ण आठवडा घातलाय." तो थांबला. "का रे, चुकलंय का?"

नोना दारात उभी होती. हात पदराशी धरल्यासारखे एप्रनमध्ये गुंडाळलेले. मला कारखान्यात कधी खोटा रिपोर्ट देता आला नाही, वरून कितीही दबाव आला तरी.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आमच्याकडच्या पेंटरलासुद्धा इतकं सारखं जमत नाही."

यातलं दुसरं वाक्य तरी खरं होतं.

हॉल

वहिनी आल्या. सकाळी आमच्या पद्धतीने लग्न लागलं. गुरुजी ब्रिस्बेनहून आले होते, एरवी ते सॉफ्टवेअरमध्ये असतात, मंगलाष्टकं त्यांनी टॅबवरून म्हटली आणि मधे एकदा त्यांना ऑफिसचा फोन आला. अक्षतांसाठी लूसियाने तिथलाच तांदूळ हळदीत घोळवून ठेवला होता. दुपारी गावातल्या हॉलमध्ये त्यांच्या पद्धतीचं जेवण. सगळे सिसिलियन नातेवाईक, काही तर उत्तरेकडून दोन दिवस गाडी चालवून आलेले. पहिल्या रांगेत फादर.

मधल्या टेबलावर ताट. भाजल्यावर रंग असे उठले होते की मला स्वतःचं नाव बघायला लाज वाटावी. अमेय वाकून बघत होता. त्याचं बोट काठावरून फिरत फिरत त्या जागी आलं आणि थांबलं. त्याने मान वर केली.

"काका, हे तर..."

"गप."

"पण ते उलटं..."

"दिसतंय मला. एक तिकडून वाचायचं, एक इकडून."

तो खाली बघून हसायला लागला, आणि मग हसता हसता त्याने डोळे पुसले. वहिनींनी चष्मा लावून ताट निरखलं. "भाऊजी, हे तुमचं नाव आहे होय? मला वाटलं तोरण काढलंय."

नोना उठली. हॉल शांत झाला. तिने ताट दोन्ही हातांनी उचललं, बदाम थोडे खडखडले.

"मम्मा," तिने वाचलं. रोझा पुढे गेली. "पापा." सॅल गेला. "नोना," म्हणाली आणि स्वतःच एक बदाम तोंडात टाकला, सगळे हसले. "आई." वहिनी पैठणी सावरत गेल्या, बदाम घेतला, तो कुठे ठेवायचा ते न कळून पदराला बांधायला लागल्या, तेव्हा लूसियाने त्यांना खायला लावला.

मग नोनाने ताट फिरवलं. माझी जागा तिच्यासमोर आली आणि ती थांबली. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. मनात म्हटलं, ती दिगंबर म्हणेल. नाही तर सिन्योर म्हणेल. म्हणू दे, नाव लागलंय, तेवढं पुरे. खरं म्हणजे पुरे नव्हतं. मला ती हाक ऐकायची होती, आणि तिला ती मारायला लावायचा मला काही हक्क नव्हता.

तिने फादरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"काका," ती म्हणाली.

मागच्या एका टेबलावर कुणीतरी फस्‌कन हसलं. मग दुसरं कुणी. मी तोवर उभा राहिलो होतो. नोनाने त्या टेबलाकडे बघितलं, हसणं थांबेपर्यंत बघत राहिली. तिचे हात थरथरायला लागले होते, तरी ताट तिने खाली ठेवलं नाही. अजून थोडं वर धरलं, आणि तेच नाव पुन्हा एकदा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.